गाडी कुठंपर्यंत आलीय?

वहिनींना पित्त झालंय, हे आम्ही घरात बसल्या बसल्या ठरवून टाकलं होतं. श्रावणी सोमवार, दिवसभर उपास, आणि उपास सोडताना वरणफळांवर जरा हात मोकळा सुटलेला. नऊच्या सुमाराला मळमळायला लागलं. मग पाठीत, दोन खवाट्यांच्या मधोमध दुखायला लागलं. मग जबडा. जबडा म्हटल्यावर दादानं त्यांना आ करायला लावून मोबाईलच्या उजेडात दाढा तपासल्या. जिरेपाणी झालं, ओवा झाला, सोडा झाला. साडेदहाला त्यांचं कपाळ घामानं डबडबलं. बाहेर पावसाचा गारठा आणि ह्या घामेजलेल्या. तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, हे पित्त नाही."

बाईमाणसाचं हृदयाचं दुखणं पुष्कळदा असंच येतं. छातीत कळ, डावा हात वगैरे आपण सिनेमात बघतो तसं दर वेळी होतंच असं नाही. पाठ, जबडा, मळमळ, दम, घाम अशा आडवाटेनंही ते येतं. हे मला आता माहीत आहे.

१०८ ला फोन न करता शेजाऱ्याची गाडी काढली, हीसुद्धा आमचीच चूक. १०८ ची गाडी राज्यात २०१४ पासून फिरते, पैसे पडत नाहीत आणि आत डॉक्टर असतो. पण घाबरलेल्या माणसाला दारातली गाडी दिसते.

पुढं मी वेळा देणार आहे, त्या अंदाजे नाहीत. मी एसटीत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची १७ पुणे-कोल्हापूर रस्त्यावरच्या एका स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. लोक कंट्रोलर म्हणायचे, चिडले की "ओ माईकवाले". गाडी आली वेळ लिही, सुटली वेळ लिही, हा हाताला लागलेला चाळा निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. खिशात छोटी डायरी असते. त्या रात्रीची दोन पानं समोर ठेवूनच हे लिहितोय. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. वहिनी तिथंच बऱ्या झाल्या आणि मला कुणाशी भांडण काढायचं नाही.

२३.१० गाडी कॅज्युअल्टीच्या दारात. २३.१२ स्ट्रेचर. २३.१९ ईसीजी निघाला. छातीचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, असा डॉक्टर लोकांचा दंडक आहे. इथं नऊ मिनिटांत निघाला. आमची एकही गाडी इतकी वेळेवर सुटलेली मला आठवत नाही, तेव्हा आधी हे कौतुक.

२३.२५ ला तिशीही न गाठलेला एक डॉक्टर पट्टी हातात घेऊन दादाला म्हणाला, "ईसीजीत तसं काही दिसत नाही. ब्लड पाठवतोय. बाहेर थांबा."

डायरीत पुढची डॉक्टरांची नोंद ०१.५२ ची आहे.

मधले अडीच तास आम्ही बाहेर होतो. बाहेर म्हणजे एक बोळ. तीन-तीनच्या लोखंडी खुर्च्या, त्यातल्या एकीची बैठक गायब. तिथं नुसते दोन दांडे, नवीन माणूस हमखास बसायला जायचा आणि दचकून उठायचा. भिंतीवर दोन फलक. एक मोठा, लाल अक्षरांचा, मराठीत: डॉक्टरांना वा कर्मचाऱ्यांना मारहाण केल्यास २०१० च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. शेजारी दुसरा, लहान, बारीक इंग्रजी अक्षरांचा, रुग्णांच्या हक्कांची सनद. हा फलक कशासाठी, ते मी नंतर वाचून काढलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली १७ हक्कांची सनद तयार केली, त्यातला पहिलाच हक्क माहिती मिळण्याचा. आपल्या राज्यात २०२१ च्या नियमांपासून अशी सनद दर्शनी भागात लावावी लागते. लावली होती, खोटं कशाला बोलू. वाचायला भिंतीला नाक लावावं लागत होतं, एवढंच.

आणि तो दरवाजा. काचेचा, पण काचेवर बाहेरून दुधी कागद चिकटवलेला. खालच्या बाजूला कुणीतरी नखानं खरवडून रुपयाएवढं भोक पाडलेलं. एकाचं काम नव्हतं ते, कडा वेगवेगळ्या दिवशी कुरतडल्यासारख्या होत्या. भोकाभोवती काचेवर तेलकट डाग, किती कपाळं टेकली असतील त्याचा. त्या भोकासाठी नातेवाइकांची रांग लागायची, आणि ती रांग मात्र अगदी शिस्तीत. एकेकानं अर्धा मिनिट बघायचं आणि बाजूला व्हायचं. माझी पाळी आली तेव्हा मला वहिनींची पावलं दिसली, जोडवी घातलेली, आणि पलीकडं मशीनवरची हिरवी रेघ. रेघ चालू होती. येऊन दादाला सांगितलं, "रेघ चालू आहे." त्याच्यासाठी रात्रीतलं पहिलं मेडिकल बुलेटिन तेच.

खिडकीवर विचारलं, रिपोर्ट आला का. "आला की कळवतील." कोण कळवतील? "डॉक्टर." डॉक्टरांना विचारू का? "ते पेशंटमध्ये आहेत." मग तुम्ही जरा आत विचारता का? "माझं काम बिलिंगचं आहे." हे त्या मुलीनं उर्मटपणे म्हटलं नाही. खरंच तिचं काम बिलिंगचं होतं. पैशांचा निरोप मात्र आम्हाला तीनदा आला, अचूक रुपयांत.

०० वाजून २० मिनिटांनी एका जीपमधून साप चावलेला माणूस आला. भाताच्या खाचरात पाणी बघायला गेला होता. त्याला थेट आत घेतलं. तेव्हा एका म्हाताऱ्याचा मुलगा उसळला. त्याच्या वडलांची लघवी तुंबलेली, ते आमच्याही आधीपासून कण्हत बाकावर होते. "आम्ही काय येडे हाय का? नंबर कुणाचा?" गार्डनं त्याला हातानं मागं सारलं. बोलला काहीच नाही. त्यालाही कुणी काही शिकवलेलं नसणार.

खरं तर उत्तर सोपं होतं. कॅज्युअल्टीत नंबर येण्यावर लागत नाही, जिवाच्या धोक्यावर लागतो. ट्राएज म्हणतात त्याला. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे थोडं थांबेल, हिरवा म्हणजे थांबू शकेल. दोनशे वर्षांपूर्वी नेपोलियनच्या सैन्यातला लारे नावाचा शस्त्रवैद्य जखमींना हुद्दा न बघता जखम बघून उचलायचा, तिथून ही रीत आली म्हणतात. आमच्याकडं विनाथांबा गाडी साध्या गाडीच्या मागून येऊन पुढं निघून जाते. साध्या गाडीतला कुणी त्यावरून मारामारी करत नाही, कारण तिच्या कपाळावर पाटी असते. इथं पाटी नव्हती. माणसांना वाटलं वशिला.

साप चावलेल्याची बायको आमच्या शेजारी येऊन बसली. पदर ओला, पायांना चिखल. म्हणाली, "रगात काढलं न् काचंच्या नळीत नुसतं ठिवून दिलंय बघा. कोन बघंना का हात लावंना." तिला वाटलं तिच्या माणसाचं रक्त विसरून राहिलंय. मलाही तसंच वाटलं, आणि मी मान हलवली. ही माझी मान हलवणी मला अजून टोचते. कारण ती तपासणीच तशी असते. रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, आणि मग नळी तिरकी करून बघायचं. गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलंय, प्रतिविष सुरू करायचं. म्हणजे "कोन हात लावंना" हीच तपासणी. ते तिला कुणी सांगितलं नाही, आणि वीस मिनिटं ती बाई नवरा मेल्यासारखी बसून राहिली.

आता आमचं. एक वाजून वीस मिनिटांनी दादा उठला.

माझा दादा कमी बोलतो. ६६ वर्षांचा, शेती करतो, हॉस्पिटलात त्याला कायम आपण कुणाच्या तरी वाटेत उभे आहोत असं वाटत असतं. तो म्हणाला, "ईसीजी चांगलाय म्हणालेत. आता दुखायचंबी थांबलंय म्हणती ती. घरी नेऊ. सकाळी आपल्या डॉक्टरला दाखवू." दुखायचं थांबलंय हे वहिनींनी स्वच्छतागृहाला नेताना मावशींकरवी निरोप पाठवून कळवलेलं. पुतण्या गाडी आणायला खाली गेलासुद्धा. मी अडवलं नाही. मलाही पटलं होतं. दोन तास कुणी फिरकत नाही त्याअर्थी विशेष काही नसणार, विशेष असतं तर धावपळ दिसली असती, असा माझा हिशेब. स्टँडवर माणसं अशीच निघून जायची. चौकशीच्या खिडकीत कुणी नसलं की ती आपल्या मनानं ठरवायची की गाडी रद्द आहे, आणि वडापच्या जीपला लटकायची. मागून पाच मिनिटांत गाडी फलाटाला लागायची.

गार्डला सांगितलं, पेशंट नेतो. दोन मिनिटांत कागद आला. छापील. मराठीत. 'डॉक्टरांचा सल्ला डावलून स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास नेत आहोत, काही बरेवाईट झाल्यास…' रात्रभरात आम्हाला समजेल अशा भाषेत हातात पडलेला पहिला कागद तो. दादानं माझ्या डायरीचं पेन मागून घेतलं.

तेवढ्यात पुतणीचा फोन आला. दादाची थोरली, लग्न होऊन इंग्लंडात असते, तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते. पुतण्यानं तिला अकरालाच मेसेज टाकला होता, तिनं तो नुकताच बघितला. ऑगस्टात तिचं घड्याळ आपल्यामागं साडेचार तास, तिकडं रात्रीचे नऊ वाजायचे होते. दादा म्हणाला, "काही नाही गं, ईसीजी चांगलाय, निघालोय घरी." ती अशी ओरडली की फोन दादाच्या कानाला असून मला ऐकू आलं. मग फोन माझ्याकडं.

"काका, ब्लड कशासाठी घेतलंय विचारलं का? ट्रोपोनिनसाठी असणार. कितीला घेतलं?"

डायरी बघून सांगितलं, २३.३०.

"मग ऐका. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं, पण लगेच नाही, तास लागतात. पहिलं नॉर्मल आलं म्हणजे काही नाही असं होत नाही. म्हणून तीनेक तासांनी परत घेतात आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघतात. तुम्ही दारावर जाऊन एवढंच विचारा, दुसरं ट्रोपोनिन कधी आहे. सही कशावर करू नका. बाबांना खाली बसवा."

वहिनी आमच्यापासून वीस पावलांवर होत्या, त्यांना तपासणारा डॉक्टर त्याहून जवळ, आणि आम्ही का थांबलोय हे आम्हाला समुद्रापलीकडून कळलं.

मी दारावर गेलो. गार्ड म्हणाला, बाहेर थांबा. मी म्हणालो, "दुसरं ट्रोपोनिन कधी आहे तेवढं विचारायचंय." ह्या शब्दावर त्यानं माझ्याकडं बघितलं आणि दार उघडलं. मंत्रच तो. ०१.५२ ला डॉक्टर समोर आला. "अडीचला घेणार आहे. पहिलं नॉर्मल आलंय एक वाजता." मग जरा थांबून, "तुम्ही मेडिकल लाइनचे का?"

म्हटलं, नाही, एसटीचा.

तो हसला, आणि मग दीड मिनिट नीट बोलला. पहिला रिपोर्ट का पुरेसा नाही, दुसऱ्यात काय बघायचं, आकडा वाढला तर काय करायचं, नाही वाढला तर सकाळपर्यंत ठेवून काय बघायचं. सगळं मराठीत, साध्या शब्दांत. म्हणजे त्याला येत होतं. मी येऊन ते दादाला सांगितलं. दादानं तो कागद चौघडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "हे आधी सांगितलं असतं तर मी सकाळपर्यंत हललो नसतो."

जाता जाता मला वहिनींकडंही पाच मिनिटं उभं राहू दिलं. मी म्हटलं, वहिनी, अजून एक रक्त घेतील, घाबरू नका. त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "मी कशाला घाबरू? लोकांना जन्मभर वाट बघायला लावलीत, भाऊजी. फिटू दे जरा."

०२.३४ दुसरं रक्त. ०३.४० रिपोर्ट. आकडा वाढलेला होता. ०३.५५ अतिदक्षता विभाग. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीत एक नळी जवळजवळ बंद सापडली, स्टेंट टाकला. त्या भागाचं वर्णन करत नाही, सगळ्यांच्या घरी आता कुणी ना कुणी त्यातून गेलेलं असतं. माझ्या डोक्यात घोळत राहिला तो ०१.२० चा कागद. सही झाली असती तर त्या पहाटे आम्ही २२ किलोमीटर लांब, खेड्यात, पंख्याखाली झोपलो असतो.

सकाळी सव्वासहाला खाली टपरीवर चहा घेताना तोच डॉक्टर दिसला. ड्युटी संपली नव्हती, चहापुरता खाली आला होता. मीच गेलो जवळ. चहाचे पैसे त्यानं देऊ दिले नाहीत. म्हणाला, रात्रीत १९ पेशंट झाले, तो एकटा, हाताखाली एक शिकाऊ, तीन सिस्टर. हायवेवरच्या अपघातातला एक पोरगा आणला तेव्हाच संपलेला, त्याची पोलीस केस, त्याचे कागद, त्याच्या घरच्यांना सांगणं. "तुमच्याकडं यायचं डोक्यात होतं. पण एकदा विसरलो, आणि दोनदा मुद्दाम टाळलं."

मुद्दाम का?

"सांगितलं आणि तसं झालं नाही तर? मागच्या वर्षी एकांना म्हणालो, तासाभरात आयसीयूत घेतो. बेड रिकामा झाला नाही. त्यांनी कॉलर धरली. तेव्हापासून वेळच सांगत नाही."

ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यात एका डॉक्टरला नातेवाइकांनी बेदम मारलं, त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले होते. बोळातल्या लाल फलकाची गरज कुणी हवेतून काढलेली नाही. पण मला त्याला एक सांगायचं होतं, आणि ते मी माझ्या धंद्यातलंच सांगितलं.

म्हटलं, डॉक्टर, आम्हीही वेळ सांगत नव्हतो. नवा होतो तेव्हा सांगायचो, 'गाडी दहा मिनिटांत येईल.' एकदा ती पाऊण तासानं आली आणि एका पैलवानानं खिडकीतून हात घालून माईकच उपटला. तेव्हा एक जुने कंट्रोलर होते, त्यांनी शिकवलं: गाडी कधी येणार ते सांगू नकोस, ते तुझ्या हातात नाही. गाडी कुठं आहे ते सांग. मागच्या स्टँडला फोन लाव आणि बोल, 'सातारा-सांगली गाडी अजून उंब्रजला पोचलेली नाही.' बास. उंब्रजहून किती वेळ लागतो ते प्रवाशाला ठाऊक असतं. ज्याला थांबायचंय तो थांबतो, ज्याला घाई आहे तो दुसरं बघतो, पण कॉलर कुणी धरत नाही. 'पहिला रिपोर्ट आला, चांगला आहे, दुसरा अडीचला घेणार' ह्यात तुम्ही कुठं वचन दिलंत? गाडी कुठं आहे तेवढंच सांगितलंत.

आणि नवं काही नसलं तरी बोलायचं. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी कोल्हापूरजवळ हायवेवर चढलं आणि रस्ता कितीतरी दिवस बंद राहिला. त्या पहिल्या रात्री आमच्या स्टँडवर कोल्हापूर-बेळगावकडची तीन-चारशे माणसं अडकली. लहान पोरं, मुंबईहून गावाकडं निघालेली कुटुंबं. माझ्याकडं सांगायला काडीचं काही नव्हतं. तरी दर अर्ध्या तासानं माईक उघडायचो: 'शिरोलीजवळ पाणी उतरलेलं नाही, गाड्या सुटणार नाहीत, पुढची सूचना साडेबाराला.' साडेबाराला पुन्हा तेच, पुढची एकला. पहाटेपर्यंत मी तेच एक वाक्य अकरा वेळा बोललो असेन. एकाही माणसानं काच फोडली नाही. सकाळी एक आजी येऊन म्हणाली, "बाळा, तुझा आवाज यायचा तवर झोप लागायची." काय चाललंय याच्यापेक्षा कुणीतरी जागं आहे, हे तिला हवं होतं.

डॉक्टर ऐकत होता. मग म्हणाला, "पण तुमच्या गाडीचा ड्रायव्हर माईकवर येतो का?"

इथं मला गप्प बसावं लागलं. खरंच येत नाही. चालक गाडी चालवतो, वाहक तिकीट फाडतो, आणि सांगायला महामंडळानं तिसरा माणूस बसवलेला असतो, पगार देऊन. कॅज्युअल्टीत चालकानंच गाडी चालवायची, वाटेत पंक्चर काढायचं, मेलेल्याचा पंचनामा लिहायचा, आणि वर फलाटावर येऊन घोषणाही करायची. त्या रात्री बोळात पाच माणसं पगारी होती. गार्ड दोन, बिलिंगची एक, फायली नेणारा एक, सफाईच्या मावशी. पाचातल्या एकालाही आतलं बाहेर सांगायचा अधिकार नव्हता. दार अडवायला माणूस आहे, पैसे मागायला माणूस आहे. दर अर्ध्या तासानं आत जाऊन सिस्टरकडून चार ओळी लिहून आणणारा माणूस कुठल्या हॉस्पिटलला परवडत नाही, हे मला कुणी पटवून देऊ नये. मजल्यावरचं संगमरवर मी बघितलंय.

दारात आलेल्याला आत घेतलंच पाहिजे, हे आपल्याकडं ठरायलाही १९८९ साल उजाडलं. स्कूटरवरून पडलेल्या एका माणसाला जवळच्या दवाखान्यानं पोलीस केस म्हणून घेतलं नाही, वीस किलोमीटरवर पाठवलं, तो वाटेत गेला. त्यावरून परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी असो की खासगी, आधी जीव वाचवा, कागद नंतर. आत घेणं अशा रीतीनं कायद्यात आलं. बाहेर बसलेल्यांशी बोलणं भिंतीवरच्या बारीक अक्षरांत आहे.

पुतणीला मी हे सगळं नंतर फोनवर ऐकवलं आणि म्हटलं, तुमच्याकडं बरं असेल. ती म्हणाली, कसलं बरं. तिकडं नियम आहे, शंभरातल्या ९५ जणांचा चार तासांत निकाल लागला पाहिजे, आत तरी घ्या नाहीतर घरी तरी सोडा. २०१५ च्या जुलैनंतर देशभराचा हिशेब कधी त्या ९५ ला पोचलेलाच नाही. तिच्या मुलाचं मनगट मोडलं तेव्हा ती सात तास खुर्चीत होती. "पण काका, आल्या आल्या नर्स म्हणाली, हाड मोडलंय पण बोटांत रक्त खेळतंय, त्यामुळं तुमच्यापुढं बरेच जण जातील. मग मी मोजत बसले नाही." म्हणजे वाट बघणं सगळीकडं आहे. डॉक्टर कमी, खाटा कमी, वरच्या मजल्यावरची खाट रिकामी झाल्याशिवाय खालचा माणूस हलत नाही. गाड्या कमी आणि प्रवासी जास्त हे मला कुणी समजावून सांगायला नको.

साप चावलेला माणूस वाचला. चौथ्या दिवशी त्याची बायको लिफ्टपाशी भेटली, प्रतिविष लागलं म्हणाली. तिला मी नळीचं सांगितलं, डॉक्टरानं मला टपरीवर सांगितलं होतं ते. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या रात्री का न्हाई सांगितलं तुम्ही?"

महिन्यानं वहिनींना तपासणीला घेऊन गेलो. कॅज्युअल्टीच्या बोळातूनच ओपीडीला जावं लागतं. खुर्चीची बैठक अजून बसवलेली नाही. दुधी कागद नवा लावलाय, पण खालच्या कोपऱ्यात भोक पडायला सुरुवात झालीय, अजून चार आण्याएवढंच आहे. ओपीडीत नाव सांगितलं. सिस्टर म्हणाली, अर्धा तास. सव्वा तास झाला. दादा घड्याळ बघायला लागला, मी डायरी काढली. वहिनींनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून फोडला, एक मला दिलं, आणि काउंटरकडं मान करून म्हणाल्या, "भाऊजी, जरा विचारून या. उंब्रज तरी सोडलंय का म्हणावं."